कंई नहीं थाय, साहेब!



आपल्याकडे बडोद्याच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. दांडिया बाजार, सुरसागर, सयाजीबाग यांवर मी काय नवीन लिहिणार? कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत, त्यामुळे हात आकड्यांना सरावलेला, शब्दांना नाही. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात आहे. ती बोरसदला सुरू झाली आणि कॅलिफोर्नियात संपली. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे मिलपिटासला गेलो होतो. मुलगा, सून, दहा वर्षांची नात, सहा वर्षांचा नातू. विमानतळावरून घरी पोचलो तर दारासमोर एक पांढरं लांबलचक घर चाकांवर उभं. ट्रॅव्हल ट्रेलर. सेकंडहँड घेतलेला, सव्वीस फुटी. आत पलंग, मुलांसाठी एकावर एक बिछाने, गॅसची शेगडी, फ्रीज, न्हाणीघर सगळं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हाला आणि आईला ग्रँड कॅन्यन दाखवायचाय. हॉटेलात नाही, आपल्या घरातच राहायचं." सौ. आत जाऊन शेगडी बघून आली आणि म्हणाली, "कुकर बसतोय." झालं, तिची मंजुरी मिळाली.

ओढायला घरचीच एसयूव्ही. माहितीपत्रकात लिहिलेलं, ही गाडी ७,७०० पौंड ओढू शकते. ट्रेलरचं रिकामं वजन ५,४०० पौंड. विकणाऱ्याने सांगितलं होतं, आरामात ओढेल. मुलगा इंजिनिअर, मी काय बोलणार? मुलाच्या घरी पाहुणा म्हणून राहताना बापाने किती बोलावं याचाही एक हिशेब असतो, तो तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिली सहल जवळचीच, समुद्राकडे. १०१ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला निघालो. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर चार सायकली बांधलेल्या, पाण्याची टाकी भरलेली, तीही ट्रेलरच्या मागच्या भागात. गिलरॉयच्या पुढे थोडा उतार होता. वेग ६५ मैल. बाजूने एक भलामोठा ट्रक पुढे गेला आणि आमचं मागचं घर हलायला लागलं. आधी थोडं डावीकडे, मग उजवीकडे, मग जास्त डावीकडे. कुत्र्याने शेपूट हलवावी तसं, फक्त इथे शेपूटच कुत्र्याला हलवत होती. मुलाने ब्रेक दाबला. हेलकावे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. मागून नातवाचं रडणं. सौ.चा हात माझ्या मनगटावर, नखं रुतलेली. मुलाने पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि देवाच्या कृपेने पुढे चढ लागला. वेग आपोआप उतरला, हेलकावे थांबले. सगळं मिळून दहा-पंधरा सेकंद असतील.

कडेला थांबलो. मुलाचा चेहरा पांढरा झाला होता, पण म्हणाला काय, "बाबा, काही होत नाही. वारा होता."

आणि मला एकदम बोरसद आठवलं.

१९८४ साल. मी बोरसदच्या शाखेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीची कर्जं माझ्याच हातून जायची. एक खातेदार होता, हप्ता कधी चुकवला नाही. त्याचं कारण मला माहीत होतं. तंबाखूचा हंगाम संपला की तो ट्रॉलीत विटा भरून भाडी मारायचा, आणि भरायचा ती ट्रॉली वाकेल इतक्या. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हतेच. एकदा पाहणीला गेलो तेव्हा तो विटा भरत होता. मी म्हटलं, "जास्त होतंय हं." तो हसून म्हणाला, "कंई नहीं थाय, साहेब!" मी चहा प्यायलो, पाहणीच्या अहवालात "वाहन सुस्थितीत" लिहिलं आणि निघून आलो. वसुली चांगली, मग कशाला बोला? महिन्याभरात कालव्याच्या पुलाच्या उतारावर ट्रॉलीने ट्रॅक्टरला मागून ढकललं. दोन्ही आडवे झाले. चालवत होता त्याचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. तो वाचला नाही.

कर्ज विम्यातून आणि शेताच्या उत्पन्नातून फिटलं. माझ्या फाइलवर एक रेघही वाकडी नव्हती. हे मी सौ.लाही इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं.

त्या रात्री समुद्राच्या काठी झोप आली नाही. पहाटे उठून एसयूव्हीचा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला. दाराच्या खांबावर एक पिवळं-पांढरं स्टिकर असतं. त्यावर लिहिलेलं: माणसं आणि सामान मिळून १,४५० पौंडांपेक्षा जास्त नको. म्हणजे साधारण ६६० किलो. मी कागद घेतला आणि ताळेबंद मांडायला बसलो. मुलगा उठला तेव्हा म्हटलं, "मला एकदा हे सगळं धरमकाट्यावर चढवून बघायचंय. पाहुण्याचा हट्ट समज." तो चिडला, पण नेलं.

तिथे हमरस्त्यांवर ट्रक थांब्यांना वजनकाटे असतात, थोडे पैसे दिले की कोणालाही वजन करता येतं. आधी गाडी आणि ट्रेलर जोडून, मग एकटी गाडी. दोन्ही वेळेला गाडीच्या चाकांवर पडलेल्या वजनातला फरक म्हणजे ट्रेलर आपल्या नाकाने गाडीवर किती टेकतोय, तो आकडा. त्याला तिकडे टंग वेट म्हणतात. तो एकूण ट्रेलरच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. आमचा भरलेला ट्रेलर निघाला ६,६०० पौंड, जवळजवळ तीन टन. आणि नाकावर फक्त ५००. आठ टक्केसुद्धा नाही.

मी हे सौ.ला समजावून सांगत होतो. तिचं माहेर बेळगावकडच्या खेड्यातलं. ती ऐकून म्हणाली, "म्हणजे गाडी उलाळ झाली होती म्हणा की!" बैलगाडीत मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांना गाडी धरता येत नाही. मुलाच्या इंजिनिअरिंगला आणि माझ्या आकड्यांना जे सांगायला अर्धा तास लागला, ते तिने एका शब्दात सांगितलं.

मुलगा म्हणाला, "मग सोपं आहे. सायकली पुढे घेऊ, पाणी रिकामं करू, नाक जड करू." मी कागद पुढे सरकवला. नाकावर १२ टक्के घेतले तर ७९२ पौंड. आपण सहा माणसं मिळून ७२५. गाडीतलं सामान १५०. जोडणीचा लोखंडी सांगाडा ९०. बेरीज १,७५७. मर्यादा १,४५०. म्हणजे ३०७ पौंड जास्त, सुमारे १४० किलो. पाण्याची टाकी रिकामी केली तर ट्रेलर हलका होईल, १२ टक्क्यांचा आकडाही थोडा उतरेल, पण तूट भरून येणार नाही. नाक हलकं ठेवलं तर ट्रेलर डोलतो, नाक जड केलं तर गाडीची कंबर मोडते. दोन्हीकडून खातं उचलीत. माहितीपत्रकातले ७,७०० पौंड खोटे नव्हते, पण ते ओढण्याचे होते. पाठीवर घेण्याची मर्यादा वेगळी, आणि कुटुंबाच्या गाडीत तीच आधी संपते, कारण गाडीत कुटुंब बसलेलं असतं.

"जोडणीत स्प्रिंगचे बार आहेत ना, ते भार वाटून देतात," तो म्हणाला. खरं आहे. ते बार नाकावरचा काही भार गाडीच्या पुढच्या चाकांकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे परत देतात, त्यामुळे गाडीचं तोंड वर होत नाही, स्टिअरिंगची पकड राहते. पण दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याने वाढत नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, प्रत्येक गोष्टीत तुमचं ऑडिट. हजारो लोक असंच ओढतात. काही होत नाही."

मी म्हटलं, "मग असं कर. तुझी आई आणि मी मिळून २८५ पौंड आहोत. आम्ही घरी राहतो, तुम्ही जाऊन या."

हे मी रागाने बोललो, हे कबूल करतो. तो उठून बाहेर गेला. सून माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिला आणि सौ.ला बोरसदची गोष्ट सांगितली. मुलगा दाराबाहेर उभा राहून ऐकत होता, हे मला नंतर कळलं. सौ. एवढंच म्हणाली, "चौतीस वर्षं एकट्याने कशाला ठेवलंत हो मनात?"

दुसऱ्या दिवशी मुलाने ट्रेलर बदलायचं ठरवलं. काही हजार डॉलर अंगावर बसले. मी निम्मे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. बँकेच्या भाषेत सांगायचं तर बुडीत खाती टाकले आणि पुढे गेला. नवा ट्रेलर बावीस फुटी, भरून ४,४०० पौंड. नाकावर १२ टक्क्यांनी साधारण ५३०. पुन्हा बेरीज: ७२५, ५३०, हलकी जोडणी ७०, सामान १००. एकूण १,४२५. पंचवीस पौंड शिल्लक. मी म्हटलं, एवढ्या मार्जिनवर मी कोणाला कर्ज दिलं नसतं. मग सामान ६० वर आणलं. सौ.चा मोठा कुकर राहिला, छोटा आला.

ऑक्टोबरात निघालो. मी फक्त एक नियम मागितला, बँकेतला. एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि तपासणाऱ्याची सही झाल्याशिवाय व्यवहार पुढे नाही. मुलगा जोडणी करायचा, नात पाटीला कागद लावून मोठ्याने वाचायची. कपलर गोळ्यावर बसला? खिटी घातली? साखळ्या खालून फुलीसारख्या अडकवल्या? विजेची सात पिनांची जोडणी? दिवे? ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लागायची तार? थंड टायरची हवा? चाकांचे नट? गॅस बंद? पायरी आत? चाकांखालची ठोकळी काढली? प्रत्येकाला ती बरोबरची खूण करायची. एकदा विजेची पिन अर्धवट बसली होती. तिने सही दिली नाही. मुलगा वैतागला, खाली उतरला, बघितलं आणि गप्प बसला.

टेहाचापीचा घाट लागला. १८७६ साली बांधलेला रेल्वेचा प्रसिद्ध वळसा तिथे आहे, लांब मालगाडी स्वतःच्याच शेपटीवरून जाते. माथ्यावर शेकडो पवनचक्क्या. म्हणजे वारा किती असेल ते सांगायला नको. मुलगा ५५ मैलांवर, उजव्या लेनमध्ये. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला कायद्याने तेवढाच वेग आहे, हे आम्हाला पहिल्या सहलीनंतर कळलं. मोहावेच्या उताराला गिअर खाली घेतला, म्हणजे ब्रेकवर सारखा पाय ठेवावा लागत नाही. ट्रक बाजूने गेले. ट्रेलर किंचित सरकला आणि जागेवर आला. तरी मुलाचा उजवा हात डॅशबोर्डखालच्या छोट्या डबीजवळ होता. तिच्यावरची कळ दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, आणि डोलणारा ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, कळ दाबायची. रिकाम्या मैदानात त्याने त्याची दहा वेळा सवय केली होती. वापरायची वेळ आली नाही.

ग्रँड कॅन्यनच्या कड्यावर सूर्य मावळताना बघितला. त्याचं वर्णन मी करणार नाही, मला जमणारही नाही. रात्री जेवणाचं टेबल खाली करून त्याचा पलंग केला, छोट्या कुकरची खिचडी खाल्ली. सगळे झोपल्यावर मुलगा बाहेर माझ्या खुर्चीजवळ येऊन बसला. म्हणाला, "बाबा, त्या माणसाचं नाव आठवतं तुम्हाला? बोरसदच्या?"

मी म्हटलं, "आठवतं. भावाचंही."

त्याने पुढे काही विचारलं नाही. खांद्यावरची शाल नीट केली आणि बराच वेळ बसून राहिला.

मंडळी, आपली मुलं आता दूरदूरच्या रस्त्यांवर गाड्या चालवतात. आपल्यापेक्षा हुशार आहेत, हे खरंच. म्हणून आपण गप्प राहतो. पण जिथे आकडा चुकलेला दिसतो तिथे एकदा बोला. रागावतील. रागावू द्या. माझ्या पाकिटात त्या दुसऱ्या वजनकाट्याची पावती अजून आहे, खाली नातीची पेन्सिलीतली सही. आयुष्यात हजारो कागदांवर सह्या पाहिल्या, पण ही जपून ठेवली आहे.