केनियाची शेती पाहायला जाताना

केनियाची राजधानी नैरोबी सुमारे १७०० मीटर उंचीवर वसली आहे. विषुववृत्त जवळ, तरी सकाळी अंगात स्वेटर लागतो. तिथून नैवाशाच्या काठची गुलाबाची हरितगृहे, पुढे केरिचोचे चहाचे मळे आणि मग उतार लागून किसुमूजवळ समुद्रासारखे पसरलेले व्हिक्टोरिया सरोवर. शेतकऱ्याचे डोळे निवावेत असा हा रस्ता. मात्र नैरोबीत हिवतापाची भीती थोडी, तर सरोवराकाठी फार. म्हणून या प्रवासाची तयारी बॅग भरण्याआधी दवाखान्यात सुरू होते.

पहिली गोष्ट पीतज्वराची लस. ती सरकारमान्य केंद्रातच, निघण्यापूर्वी किमान १० दिवस टोचून घ्यावी. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. दाखला नसेल तर परतताना आपल्याकडे ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. हा जाच नव्हे. पीतज्वर आपल्या देशात नाही, पण तो पसरवणारा डास आपल्या रांजणात आणि टाकीत आहेच. परदेशी रोप आपण तपासल्याशिवाय आत घेत नाही, तसेच हे. साठी ओलांडलेल्यांनी ही लस डॉक्टरांचा सल्ला घेऊनच टोचावी.

हिवताप टाळण्याच्या गोळ्या डॉक्टरांकडून घ्याव्यात. त्या जाण्याआधी सुरू करायच्या आणि परतल्यावरही सांगितले तितके दिवस घ्यायच्या. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, रात्री मच्छरदाणी.

सरोवर दिसले की पाय बुडवण्याचा मोह होतो, तो आवरावा. तिथल्या गोगलगायींतून सुटणाऱ्या बिल्हार्झियाच्या अळ्या धडधाकट कातडीतूनही शरीरात शिरतात. पिण्यास उकळलेले किंवा सीलबंद पाणीच घ्यावे. जुलाब लागले तर हाताशी असावीत म्हणून जलसंजीवनीची पाकिटे इथूनच न्यावीत.

आमच्या दौऱ्यातील एका बागायतदारांना घरी आल्यावर बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. घरचे म्हणाले, हवा बदलली असेल. पण त्यांनी डॉक्टरांना ‘केनियाहून आलोय’ एवढे सांगितले आणि त्याच दिवशी रक्त तपासले गेले. फाल्सिपेरम जातीचा हिवताप निघाला. हा ताप मेंदूत गेला तर एक-दोन दिवसांतही माणूस हातचा जातो. वेळीच औषध मिळाले, म्हणून ते पुढच्या आठवड्यात बागेत उभे होते.

तेव्हा मंडळी, परदेशाहून आल्यावर पुढचे तीन महिने ताप आला तर अंगावर काढू नका. कुठे गेला होतात, हे डॉक्टरांना आधी सांगा.