सीटखालचे इंजिन



आपल्या धर्मग्रामाची पांढरी ओम्नी तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. मागची बाके काढून आपण तिथे फळी आणि गादी टाकली. वाड्यांवर शिकवणीला गेलो आणि उशीर झाला की फादर किंवा मी तिथेच आडवे होतो. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या सीटखाली असते; सीट उचलली की सगळे समोर. कार्ब्युरेटरची गाडी, ठिणगी पॉइंटवर चालणारी. आजकालच्या मुलांना पॉइंट म्हणजे काय, इथपासून सांगावे लागते.

गेल्या ऑगस्टमध्ये एका रात्री नऊच्या सुमारास खानापूरकडच्या एका वाडीतून फोन आला. आजी फार थकल्या आहेत, फादरांना लवकर आणा. पाऊस इतका, की अंगणातला क्रूस दिसेना. मी किल्ली फिरवली. सेल्फ जोरात फिरला, पण इंजिन पेटेना. पुन्हा फिरवली, पुन्हा. घाबरलेला माणूस करतो तेच मी करत राहिलो, आणि शेवटी पेट्रोलचा वास सुटला.

आपल्या गायकवृंदातला एक युवक शेजारी छत्री धरून उभा होता. आयटीआय शिकलेला. आदल्या आठवड्यात पॉइंट त्यानेच बदलले होते. मी फादरांसमोर त्याच्यावर ओरडलो, "तूच काहीतरी करून ठेवलंस. येत नाही त्यात हात कशाला घालायचा?"

तो एवढेच म्हणाला, "मास्तर, आता सेल्फ मारू नका, बॅटरी उतरंल." मग त्याने घरून आपली मोटारसायकल आणली. फादर पवित्र तेल रेनकोटच्या आत धरून मागे बसले आणि दोघे गेले. मी गाडीत बसून राहिलो. माळ हातात होती, पण मन सगळे रागात.

आजी शुद्धीत असताना त्यांना रुग्णाभ्यंग मिळाला. पहाटे त्या प्रभूकडे गेल्या.

सकाळी फिटर आला. मी बी.ए. झालेला, इतिहासाचा माणूस. त्याने जे दाखवले ते मी पहिल्यांदाच नीट पाहिले. सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी ठीक. प्लग काढला, तो पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोलही येते. प्लग वायरीला लावून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितले. ठिणगी नाही. मग कॉईलकडून येणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून उपसली, रबरी मुठीच्या पकडीत धरून लोखंडापासून थोडी दूर ठेवली. या वेळी चट्‌चट् आवाज करत निळी ठिणगी उडाली. बॅटरीचे १२ व्होल्ट. पॉइंट उघडतो त्या क्षणी कॉईलमध्ये त्याचे हजारो व्होल्ट होतात, असे तो म्हणाला. "करंट इथपर्यंत येतोय. पुढं कुठंतरी पळतोय."

पुढे होती डिस्ट्रिब्युटरची कॅप. काढली तर आत पाण्याचे थेंब, आणि एका बाजूला केसासारखी काळी रेघ. ओलाव्यातून करंट भलतीकडे धावला की अशी जळकी वाट पडते, आणि मग कॅप पुसून वाळवली तरी करंट त्याच वाटेने जातो. कॅप बदलण्यावाचून इलाज नाही. एका बाजूची क्लिप नीट बसलेलीच नव्हती.

त्याने फिलर गेज घालून पॉइंटमधली फट मोजली. "पॉइंट एकदम बरोबर लावलेत. कोणी लावले?"

मी त्या युवकाचे नाव सांगितले. मग त्याने विचारले, "आणि इंजिन कोणी धुतलं?"

१५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. आदल्या दिवशी गाडी चकचकीत करायची म्हणून मी सीट उचलून पाइपाने पाणी मारले होते. आतून पुसावी म्हणून कॅपही काढून परत बसवली होती. हे मला आठवले. पण "पाऊसच तसा होता" असे म्हणून मी वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात दृढीकरणाच्या वर्गाला मत्तयच्या पाचव्या अध्यायातला तो भाग शिकवायचा होता, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जाण्याचा. एका मुलीने विचारले, "भावाला राग आलाच नसला तर?" मला उत्तर देता आले नाही. वर्ग लवकर सोडला.

शनिवारी त्याच्या घरी गेलो. तो कामावर होता. आईने चहा ठेवला आणि म्हणाली, "त्या रात्री मास्तर एकटेच गाडीजवळ बसून राहिले, असं पोरगा सांगत होता. लई वाईट वाटलं." घरी त्याने एवढेच सांगितले होते. चहा घशाखाली उतरेना.

तो आल्यावर आईसमोरच सगळे सांगितले. क्लिपचे, पाण्याचे, फिटरशी बोललेल्या खोट्याचेही. रविवारी मिस्सानंतर फादरांसमोर पुन्हा एकदा, कारण ओरडलो होतो ते त्यांच्यासमोर. तो मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, कॅप नवीन घातलासा, पण वायरी जुन्याच ठेवल्यासा काय? पुढच्या पावसात परत बंद पडंल."

दुपारी आम्ही सीट उचलून बसलो. जुनी वायर काढायची, त्याच जागी नवी लावायची, मगच दुसरीला हात घालायचा, नाहीतर क्रम चुकतो. शेवटी कॅपच्या दोन्ही क्लिपा त्याने मला लावायला सांगितल्या आणि अंगठ्याने दाबून स्वतः तपासल्या.