नोनी घरचीच, मग शाळेत का नाही?

छत्तीसगढी बोलीत लहान मुलीला लाडाने ‘नोनी’ म्हणतात. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसांच्या तोंडीही हा गोड शब्द सहज येतो. मात्र कित्येक घरांत तो दोन मुलींसाठी वापरला जातो. एक नोनी घरची नात. दुसरी खेड्यातून आणलेली, दहा-अकरा वर्षांची, भांडी घासणारी आणि नातीचे दप्तर रिक्षापर्यंत पोहोचवणारी. हाक दोघींना एकच, दप्तर मात्र एकीचेच!

दरवर्षी १४ नोव्हेंबरला बालदिन आणि २० तारखेला जागतिक बालदिन येतो. शाळांच्या फेऱ्या निघतात, बालहक्कांवर निबंधस्पर्धा होतात. घोषणा देणारी मुले शाळेत जाणारी असतात, म्हणजे ज्यांना हा हक्क मिळालेलाच आहे! ज्यांना तो मिळालेला नाही ती त्या वेळी मोरीपाशी बसलेली असतात. आणि फलक वाचायचे कुणी? तर ज्यांच्या मोरीपाशी ती बसलेली आहेत त्यांनी.

काही वर्षांपूर्वी या पाऱ्यातल्या एका घरात नागपूरची मुलगी सून म्हणून आली. महिनाभर तिने सगळे पाहिले आणि एके दुपारी सासूबाईंना विचारले, “आई, ही शाळेत कधी जाते?”

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. त्या मनापासून म्हणाल्या, “अगं, आम्ही तिला नोकर समजतच नाही. मुलीसारखी आहे ती. दोन वेळा पोटभर जेवते, दिवाळीला नवा फ्रॉक मिळतो. मला मावशी म्हणते. गावी असती तर एव्हाना शेतात राबली असती.”

“मुलीसारखी आहे, तर तिचा पगार कुणाला देता?”

“पगार कसला? घरच्या मुलीला कुणी पगार देतं का? तिचा बाप येतो तेव्हा देते थोडेफार.”

सारी गोम या ‘सारखी’ शब्दात आहे. मुलगी म्हणून तिला पगार नाही आणि कामवाली म्हणून शाळा नाही. मुलीने हट्ट केला तर कौतुक होते, हिने केला तर ‘शेफारली’ म्हणतात. दोन्ही नात्यांतले सोयीचे तेवढे उचलायचे आणि त्याला माया म्हणायचे!

कायदा याबाबत स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच कामांना लागू झाली. सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शाळा सांभाळून स्वतःच्या कुटुंबाला धोका नसलेल्या कामात मदत करण्याची सवलत आहे, पण कुटुंब म्हणजे कोण हेही कायद्यानेच सांगितले आहे : आईवडील, भावंडे, काका, आत्या, मामा, मावशी. येथे मावशी म्हणजे आईची सख्खी बहीण. नुसते तसे म्हणवून घेतल्याने कुणी मावशी होत नाही.

खरे तर मुलींच्या शिक्षणाची गोष्ट या भागाला नवी नाही. शेजारच्या तात्यापाऱ्यात राहिलेले माधवराव सप्रे मराठीच. टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच हिंदीत नेले आणि शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रायपुरात मुलींसाठी शाळाही काढली. त्यांचे नाव इथल्या मराठी घरांत अभिमानाने घेतले जाते. जशपूरच्या मुलींना कामाच्या आमिषाने दिल्लीला नेल्याच्या बातम्या वाचून याच घरांत हळहळही व्यक्त होते. असे दलाल आवरायला छत्तीसगढने २०१३ मध्ये कायदा केला, तेव्हा सर्वांना बरेच वाटले. दिल्लीच्या बाईचे घर मात्र लांबून फार स्पष्ट दिसते!

सुनेपुढे दोन वाटा होत्या. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेला १०९८ हा मुलांसाठीचा फोन आता देशभर चालतो. फोन लावला की मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतात. तिथे गुन्हेगार मूल नसते, तिची काळजी कशी घ्यायची एवढेच ठरते. मारहाण होत असती तर सुनेने तेच केले असते, मग घरात कितीही वादळ उठो. तिने आधी बापाशी बोलायचे ठरवले.

छेरछेरा सणाच्या सुमारास तो आला. शाळेला त्याचा विरोध नव्हता. गावातली शाळा पाचवीपर्यंत, पुढची लांब, आणि नवराबायको कामासाठी बाहेरगावी गेल्यावर पोरीला ठेवायचे कुणाकडे, ही त्याची अडचण. सहावीपासून मुलींसाठी कस्तुरबा गांधी निवासी विद्यालये आहेत आणि तिथे जेवणखाण सरकारचे असते, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मधली वर्षे बुडाली तरी वयाप्रमाणे वर्गात घेऊन जादा शिकवणी देण्याची जबाबदारी शाळेची आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात तसे लिहिलेच आहे. सासूबाई दाराआडून ऐकत होत्या. पोरीला मात्र तोवर कुणी काही विचारलेच नव्हते. सुनेने विचारले. ती म्हणाली, “जाईन. पण तिथे रात्री दिवा चालू असतो का?”

जूनमध्ये नोनी गेली. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही, कारण भांडी आळीपाळीने घासावी लागत होती. आता पन्नाशीची एक बाई येते. महिन्याचे पैसे तिने आधीच ठरवून घेतले. रविवारी ती येत नाही आणि सासूबाईंना मावशी म्हणत नाही.