कपाटात जादू ठेवावी का?

खांडबाऱ्यात वह्या, गाईडं आणि परीक्षेचे पेपरसंच मिळतात. गोष्टीचं पुस्तक हवं असेल तर भुसावळ-सुरत मार्गावरची गाडी धरून नंदुरबार गाठायचं, नाहीतर कुरिअरने मागवायचं. आम्ही दोघी-तिघी शिक्षिका मिळून इथे संध्याकाळची वाचनखोली चालवतो. भाड्याची एक खोली, एक लोखंडी कपाट, दोन सतरंज्या. दरवर्षी कोणीतरी थोडे पैसे देतं आणि त्यातून काय घ्यायचं यावर आमच्यात गोड वाद होतो. परवाच्या वर्षी मात्र तो गोड राहिला नाही.

एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी पाच हजार रुपये दिले. मुलांना विचारलं, काय घेऊ? सहावी-सातवीच्या पोरांनी एकसुरात सांगितलं, ‘हॅरी पॉटर!’ हिंदीत डब केलेले सिनेमे त्यांनी मोबाइलवर तुकड्यातुकड्याने पाहिले होते. घरी मावची बोलणारी ही मुलं, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी, बाजारात अर्धी गुजराती. त्यात लंडनच्या स्टेशनातून सुटणारी ती आगगाडी त्यांना चांगलीच ठाऊक होती.

पहिला हिशेब पैशाचा. मालिका सात भागांची. पहिला भाग 1997 मध्ये आला, सातवा 2007 मध्ये, आणि जसजसा हॅरी मोठा होतो तसतशी पुस्तकं जाड होत जातात. पहिल्या भागाची इंग्रजी आवृत्ती सव्वादोनशे पानांची, पाचवा भाग साडेसातशेच्या पुढे. मराठी अनुवाद भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढले आहेत. पहिल्याचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. सगळा संच घेतला तर आमचे पैसे जवळजवळ त्यातच संपणार. तेवढ्याच पैशात नॅशनल बुक ट्रस्टची, प्रथम बुक्सची, ज्योत्स्ना प्रकाशनाची साठेक पातळ, चित्रांची पुस्तकं आली असती. ज्या पोरांना जोडाक्षर अडतं त्यांना पातळ पुस्तकच लागतं. सात जाड ठोकळे घेऊन वाचणार किती जणं, हा माझ्या सहकारी बाईंचा प्रश्न रास्त होता.

पण खरा वाद पैशावर झाला नाही, जादूवर झाला.

वाचनखोलीत येणाऱ्या एका मुलाची आई मला रस्त्यात भेटली. आमच्या नवापूर तालुक्यात ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांतलं हे एक. “मॅडम, ते जादूवालं पुस्तक नका आणू,” ती म्हणाली. अमेरिकेत याच कारणावरून मोठा गदारोळ झाला होता, हे मला वाचून ठाऊक होतं. 2000 ते 2009 या दशकात तिथल्या ग्रंथालयांमधून काढून टाका अशी मागणी झालेल्या पुस्तकांची यादी अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने केली, तिच्यात हॅरी पॉटर पहिल्या क्रमांकावर आहे. तेच लोण इथवर आलं असेल, असं मला वाटलं. पण या बाईचं कारण तिचं स्वतःचं होतं. तिच्या सासऱ्यांच्या काळात घरात कोणी आजारी पडलं की भगत यायचा, दाणे टाकून पाहायचा, कोंबडं मागायचा, पैसे घ्यायचा आणि जाताना कोणाचं तरी नाव सांगून जायचा. “त्यातून निघायला आमची एक पिढी गेली,” ती म्हणाली. “आता तेच पैसे देऊन घरात आणायचं?”

यावर मी काय बोलणार? मी सांगितलं की नार्नियाच्या गोष्टी लिहिणारा सी. एस. लुईस तर श्रद्धाळू ख्रिस्ती लेखक म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्याही पुस्तकात चेटकीण आहे. तिने फक्त एवढंच विचारलं, “तिथे ती हरते ना? मग यात कोण जिंकतं?”

दुसरा विरोध अगदी उलट्या बाजूने आला. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे एक भाऊ सातपुड्याच्या पाड्यांवर जातात, लोकांना कायदा समजावून सांगतात. ते एकदा खांडबाऱ्याला आले तेव्हा मी त्यांच्यापुढे यादी ठेवली. त्यांनी हॅरी पॉटरवर बोट ठेवलं. “ताई, पुण्या-मुंबईच्या मुलाला जादू म्हणजे गंमत. आपल्याकडे तिचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला पाहिजे का?”

सांगायला नको होतं. आमच्या जिल्ह्यात डाकीण ही गोष्टीतली बाई नसते. ती गल्लीतली असते, बहुधा एकटी, पुष्कळदा विधवा, आणि तिच्या नावावर कधीकधी जमिनीचा तुकडा असतो. कोणाचं मूल तापाने जातं, कोणाची शेळी मरते. सिकलसेलचं दुखणं आमच्या भागात जुनं. पोराची हाडं एकाएकी ठणकू लागली की रक्ततपासणीआधी संशय येतो. मग नाव घेतलं जातं, आणि एकदा नाव घेतलं गेलं की ते पुसता येत नाही. मारहाण होते, गाव सुटतं, याहून वाईटही झालेलं आहे.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत अमुक व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचं दूध आटवते, असं म्हणून तिच्याविषयी संशय पसरवणंही गुन्हा ठरवलं आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. दूध आटवण्याचा उल्लेख शहरी वाचकाला विचित्र वाटेल. आमच्याकडे तो वाचून कोणी हसत नाही.

भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं होतं : ज्या मुलाच्या गल्लीत मंत्रावर विश्वास आहे, त्याच्या हातात मंत्र खरे ठरणारं पुस्तक देऊ नये.

मी लहानपणी धुळ्याकडे वाढले. घरात ‘चांदोबा’चे जुने अंक होते. 1952 पासून मराठीत निघू लागलेलं ते मासिक माझ्या आईनेही वाचलेलं. प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून निघालेला विक्रम आम्ही जेवता जेवता वाचायचो, आणि कोणी म्हटलं नाही की पोरं बिघडतील. खांडबाऱ्याच्या मुलांकडे तर याहून मोठा साठा आहे. देवमोगऱ्याच्या याहा मोगीच्या कथा त्यांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या असतात; महाशिवरात्रीला सागबाऱ्याकडे यात्रेला जाणारी घरं इथे खूप. दैवी चमत्कार, बोलणारी झाडं-जनावरं, रूप बदलणारे राजे हे त्यांना नवीन नाही. मग इंग्लंडातून आलेल्या उडत्या झाडूचंच भय का?

पण भाऊंचा मुद्दा एवढ्याने सुटत नव्हता. वेताळाच्या नावावर कोणाला गावाबाहेर काढत नाहीत. डाकिणीच्या नावावर काढतात. म्हणून मी ठरवलं की पुस्तकाविषयी लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवायचं आणि खांडबाऱ्यात बसून, इथल्या डोळ्यांनी, ते वाचायचं. एका मैत्रिणीकडून पहिले तीन भाग उसने आणले.

पहिल्या भागात फार काही अडलं नाही. तिथली जादू शाळेत शिकावी लागते, तिचा अभ्यास असतो, परीक्षा असते, आणि वेंधळ्या पोरांना ती जमत नाही. शिवाय त्या आईच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं. दुष्ट जादूगार सगळ्यात बलाढ्य असूनही तान्ह्या पोराला मारू शकत नाही, कारण त्याच्या आईने त्याच्यासाठी जीव दिलेला असतो.

दुसऱ्या भागात मात्र मी थबकले. शाळेत एकामागून एक मुलं दगडासारखी थिजतात. कोण करतंय कळत नाही. हॅरीला सापाशी बोलता येतं हे एके दिवशी सगळ्यांसमोर उघड होतं, आणि त्या क्षणापासून निम्मी शाळा त्याच्यापासून लांब सरकते. पुरावा काही नाही. तो जवळपास होता आणि तो वेगळा आहे, एवढंच. पन्नास वर्षांपूर्वी असाच आळ येऊन हॅग्रिडला, म्हणजे शाळेच्या आताच्या रखवालदाराला, शाळेतून काढलेलं असतं. तो निरपराध होता, आणि बोट दाखवणाराच खरा गुन्हेगार होता. शेवटी थिजलेली मुलं बरी होतात ती एका वनस्पतीपासून बनवलेल्या औषधाने. कोणाला हाकलून दिल्यामुळे नाही. आमच्या पाड्यांवर जे घडतं त्याचा सांगाडा मला या परदेशी पुस्तकात स्वच्छ दिसला. डाकिणीवर मुलांशी थेट बोलायला गेलं तर ती माना खाली घालतात, कारण प्रत्येकाच्या मनात कोणीतरी खरी बाई असते, आणि एखाद्याच्या घरातलीच असते. हॅरीविषयी ती मोकळेपणाने भांडली असती.

तिसरा भाग अवघड गेला. त्याच्या सुरुवातीलाच हॅरी सुट्टीचा गृहपाठ करतो : चौदाव्या शतकात चेटकिणींना जाळणं निरर्थक कसं होतं, यावर निबंध. त्याच्या पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं की खऱ्या चेटकिणींना ज्वाळा गार करायचा मंत्र येत असे. एकीला तर जळण्यात इतकी मौज वाटायची की ती वेषांतर करून 47 वेळा पकडली गेली. इंग्लंडात हा विनोद आहे. तिथे ते सारं काही शतकांमागे राहिलं. माझ्या खोलीत बसणाऱ्या एखाद्या मुलीच्या चुलतआजीला गाव सोडावं लागलेलं असेल तर ती हे पान कसं वाचेल? खरी असती तर वाचली असती, असा त्या विनोदाचा अर्थ तिच्या डोक्यात बसला तर?

पण गंमत अशी की भाऊंना हवं ते सगळंही याच भागात आहे. भविष्य सांगणाऱ्या बाईंच्या तासाला हॅरीची मैत्रीण हर्मायनी कंटाळून पुस्तक बॅगेत कोंबते आणि सरळ वर्गाबाहेर पडते. सिरियस ब्लॅक बारा वर्षं न केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात काढतो. आणि शाळेतले सर्वांत चांगले सर, ल्युपिन, आपला आजार लपवून शिकवत असतात; तो उघड होताच पालक तक्रारी करतील हे ओळखून स्वतःच नोकरी सोडून जातात.

मी भाऊंना ही पानं वाचून दाखवली. त्यांनी हर्मायनीला दाद दिली, जाळण्याच्या विनोदावर मान हलवली आणि म्हणाले, “पुस्तक वाईट नाही. पण पोराला एकट्याला देऊ नका.” हे मला पटलं. त्या आईलाही मी पोराला वाचवणाऱ्या आईची गोष्ट सांगितली. तिने होकार दिला नाही. “वाचून दाखवणार असाल तर मी पण येऊन बसते,” म्हणाली. आणि खरंच आली, भाताची कामं आटोपून, दाराशी भिंतीला टेकून.

निर्णय असा झाला. सगळा संच नाही. मराठीतले पहिले तीन भाग घ्यायचे, उरलेल्या पैशात पातळ पुस्तकं. पहिला भाग कोणीही घरी न्यावा. दुसरा आम्ही संध्याकाळी मोठ्याने वाचणार, रोज थोडा. तिसरा हवा असेल त्याने आधी दुसऱ्यावरच्या गप्पांना बसलेलं असलं पाहिजे, आणि जाळण्याचं पान आमच्यापैकी कोणाबरोबर तरी वाचायचं. सहकारी बाई म्हणाल्या, पुस्तकाला एवढा बंदोबस्त? हो, एवढा. आमच्या मुलांना जादू खरी वाटेल ही भीती मला वाचून झाल्यावर उरली नव्हती. गोष्ट आणि आळ यांतला फरक त्यांच्याइतका कोणाला कळणार? पण तो फरक त्यांनी तोंडाने बोलून दाखवण्याची जागा गावात दुसरी नव्हती.

दुसऱ्या भागाच्या वाचनात, हॅरीवर संशय घेतात त्या प्रकरणाला, सातवीतला एक मुलगा तावातावाने म्हणाला, “सगळे म्हणतात म्हणून तो झाला का?” कोणीतरी उत्तर दिलं, “आपल्याकडे होतो.” मग बराच वेळ पुस्तक मिटून बोलणंच चाललं. त्यात मी फार बोलले नाही. दाराशी बसलेली ती आई बोलली. दाणे टाकणारा भगत किती पैसे न्यायचा, तेही तिने सांगितलं.

भाऊंचं आणि माझं पूर्ण एकमत अजून नाही. पुढचे भाग काळोखे होत जातात, त्यांत मरणं वाढतात, ते दहावीच्या मुलांसाठीच ठेवावेत, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. चौथा मात्र मी यंदा घेणार आहे. त्यात हर्मायनी शाळेच्या स्वयंपाकघरात बिनपगारी राबणाऱ्या घरगड्यांसाठी चळवळ काढते आणि त्या घरगड्यांनाच ती नकोशी असते. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आमच्याकडे येतात. त्या प्रकरणावर त्यांना काय म्हणायचं आहे, ते मला ऐकायचं आहे.