दिवाळीच्या सुटीत एक दिवस वावरात

फराळाचे डबे भरून होतात न होतात, तोच मुलांची भुणभुण सुरू होते. “आई, कंटाळा आला, कुठं तरी जाऊ या ना!” महाबळेश्वर-माथेरान दर वर्षी कुणाला परवडतंय? म्हणून मैत्रिणींनो, आमच्या यवतमाळकडची एक साधी सहल सांगते.

यवतमाळला लागूनच दारव्हा रस्त्यावर लोहारा आहे. कमलेश्वराचं जुनं देऊळ पाहायचं आणि ओळखीच्या कुणाच्या तरी वावरात जायचं. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटलेली असते. पहिल्या वेच्याआधी आमच्याकडे ‘सीतादही’ करतात. धुऱ्याशी दगड मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, मगच वेचणीला हात लावतात. मुलांना याचं फार अप्रूप वाटतं.

सकाळी पोचलात तरी घाई करू नका बरं का! दव सुकल्याशिवाय वेचायचं नाही, ओला कापूस खराब होतो. पूर्ण उमललेलंच बोंड घ्यायचं, वाळका पाला चिकटू द्यायचा नाही. मुलांची पैज लावा : एक किलो कापसाला किती बोंडं? एका बोंडात जेमतेम 4-5 ग्रॅम निघतो, म्हणजे दोनशेच्या वर बोंडं झाली! आमच्या धाकटीचे हात पन्नासाव्या बोंडालाच ओरबाडले.

एक मात्र विसरू नका. शेवटची फवारणी कधी झाली, ते शेतमालकाला आधी विचारा. नुकती झाली असेल, तर त्या वावरात पाऊलच टाकू नका. 2017 साली याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. मुलांना लांब बाह्यांचे कपडे घाला आणि भाकर-झुणक्याला बसण्याआधी हात साबणानं स्वच्छ धुवा.

गेल्या खेपेस शेजारच्या तासात आईबरोबर एक मुलगी वेचत होती, आमच्या धाकटीच्याच वयाची. धाकटीनं विचारलं, “तुला सुट्टी नाही का गं?” ती हसून म्हणाली, “सुट्ट्या लागल्या म्हणूनच तर आली ना वेच्याले!”

धाकटी गप्पच झाली. मग न सांगता उठली, चिवड्याचा डबा घेऊन तिच्याजवळ जाऊन बसली. मी तिच्या आईला म्हटलं, “मावशी, तुम्हीही या.” सगळ्यांनी एकत्रच फराळ केला.

परतताना शेतमालकांनी मूठभर कापूस दिला. घरी मुलांनी सरकी निवडली आणि मी वाती वळल्या. तुळशीच्या लग्नाला त्याच लावल्या. त्या संध्याकाळी धाकटीनं विचारलं, “आई, तिची शाळा सुरू झाली असेल ना गं?”

पुढच्या सुटीत मी पुन्हा तिथंच जाणार आहे. तुम्हीही मुलांना घेऊन आपल्या गावाजवळच्या एखाद्या वावरात जाऊन या. फराळाचा डबा मात्र थोडा मोठाच न्या!