तक्रारीची ऐपत

तक्रार ही खाऊन-पिऊन सुखी असलेल्या माणसाची चीज आहे, असे माझे जुने मत आहे. तक्रार करायची म्हणजे आधी दिवस मोकळा हवा, एस.टी.चे भाडे हवे, झेरॉक्सचे पैसे हवेत आणि साहेब दौऱ्यावर निघाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाण्याची उमेद हवी. ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्याच्याजवळ यांतले काय असते? म्हणून अशा घरांतून तक्रारी फारशा येतच नाहीत. आणि कचेरीच्या दप्तरी सारे आलबेल राहते.

आमचे तात्या लोहाऱ्याकडचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून गाव निजलेले असताना, तीन वाजून छप्पन मिनिटांनी धरणी हलली. दगडमातीच्या भिंतींखाली लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तात्या जिवंत निघाले. पण कंबरेखालचा देह ढिगाऱ्यातच राहिला म्हणायचे. वय बावीस, लग्नाला जेमतेम वर्ष.

पुढे पुनर्वसनात ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. तात्यांच्या वाट्याला अडीचशेचे आले. जमिनीचे माप घेतले गेले, मोडलेल्या कण्याचे कोणी घेतले नाही; त्यामुळे चाकांची खुर्ची न्हाणीच्या दारात आजही अडते. अशा माणसाला दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी, अंग पुसणे, जेवण, औषध – बत्तीस वर्षे हे सारे वहिनींच्या हातचे. रात्री गजर लावावा लागत नाही. आपोआप जाग येते म्हणतात.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८० सालापासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिची रक्कम २०१९ पर्यंत महिना ६०० रुपये होती, मग १००० झाली, २०२३ साली १५०० आणि २०२५ मध्ये दिव्यांगांपुरती २५००. वाढली खरी, पण ती मिळत राहावी म्हणून माणूस हयात असल्याचा दाखला हवा, आणि अंगठ्याचा ठसा यंत्राला पटला पाहिजे. एका वर्षी तो पटला नाही. "समक्ष आणा," असे खिडकीमागून सांगण्यात आले. वहिनींनी तात्यांना शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून नेले. कचेरीला सात पायऱ्या होत्या. कारकून खाली उतरले नाहीत, तात्या वर चढू शकले नाहीत. चार महिने अनुदान त्या सात पायऱ्यांवर बसून राहिले.

ग्रामपंचायतीचीही एक तरतूद आहे. स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्चावेत, असा नियम आहे. ऐकायला गोड, पण हिशेब मांडून पाहा. लहान गावाची घरपट्टी-पाणीपट्टी धरून वसुली समजा एक लाख वीस हजार. पाच टक्के म्हणजे सहा हजार. गावात दिव्यांग बारा. प्रत्येकाला वर्षाचे पाचशे रुपये! म्हणजे ज्या गावाजवळ काही नाही, त्या गावातल्या अपंगाने आणखी थोडे कमी अपंग असावे, अशी काहीशी ही योजना दिसते.

कायदा मात्र वाचण्यासारखा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना फार आधार लागतो त्यांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूद स्पष्ट लिहिली आहे. तिच्या आधी एक वाक्य आहे : शासनाने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत योजना आखाव्यात. असली वाक्ये पानातल्या मिठासारखी. सर्वांत आधी वाढतात, मग भाताची वाट पाहत बसायचे.

जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. गेल्या दिवाळीआधी मी तिथे द्यायचा अर्ज लिहायला बसलो. "वहिनी, काय मागायचं ते सांगा. भत्ता लिहू? पलंग?"

त्या करंज्यांना मुरड घालीत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भावजी, पैशाचं लिहा तुमच्या मनानं. पण वर्षातून आठ दिवस कुणी माणूस द्या म्हणावं. ह्यांना फिरवून निजवणारा. परांड्याला भाऊ हाय माझा, त्याच्या घरी जाऊन ओवाळीन म्हणते. दरसाल त्योच येतो बिचारा."

आतून तात्यांनी ऐकले. "लिही लिही," म्हणाले, "आणि माणूस जरा बोलका द्या म्हणावं. ही काय बोलतच नाही."

वहिनी हसल्या. छापील अर्जात असल्या मागणीचा रकाना नव्हता. मी मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले. पोच मिळाली आहे, तिच्यावर आवक क्रमांकही आहे. यंदाच्या भाऊबीजेलाही परांड्याहून भाऊच येणार आहे; आठच्या गाडीने निघतो म्हणून त्याचा निरोप आला आहे.