कुलूपबंद घरचा अडुळसा

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा झाला की मुकादमाची उचल घेतलेली माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांना ऊसतोडीसाठी निघतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावातल्या कितीतरी घरांना कुलूप. नवऱ्यासोबत कोयत्यावर मी बरेच हंगाम काढले. परत यावं तर अंगणात तुळस वाळलेली, मोगऱ्याच्या काड्या झालेल्या, जास्वंद शेळ्यांनी बुंध्यापर्यंत खाल्लेली. कुलूप काढताना घर आपलं वाटायचं नाही. मला राखणीवाचून आणि पाण्यावाचून बारमाही तगणारं झाड हवं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "अडुळसा लाव, त्याला शेळी तोंड लावत नाही." त्यांच्या माहेरी बांधावर त्याचंच कुंपण होतं. पान इतकं कडू की जनावर वास घेऊनच वळतं. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर त्यांनी तिकडून जून फांद्या आणवल्या. वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे करून निम्मे जमिनीत जातील असे तिरपे खोवले. आमची जमीन मुरमाड, पाणी साचत नाही, ते बरंच झालं; चिखलात या काड्या कुजतात. पावसाळाभर मुळं धरली की पुढं हा फारसं काही मागत नाही. कडक उन्हात पानं मरगळतात, गळतात, पण बुंधा जिवंत राहतो. पावसाळ्याच्या तोंडी छाटला की जोमानं फुटतो. त्या हंगामाहून परतलो तेव्हा कुंपणापाशी हिरवं होतं. पुढच्या खेपेला तर पांढऱ्या फुलांचे तुरे होते आणि त्यांवर मधमाश्या. मी डोक्यावरचं बोचकं तसंच ठेवून बघत राहिले.

आता निघताना मी सावलीत वाळवलेली पानं पुडीत बांधून नेते. पहाटेचं दव, उसाचं पाचट, कोपीतल्या चुलीचा धूर. फडावर खोकला कुणाला सोडत नाही. घरी असलो तर ओली पानं तव्यावर वाफवून रस पिळायचा आणि मधातून चाटायचा. ही नुसती म्हाताऱ्यांची समजूत नाही. अडुळशाच्या पानांतल्या वासिसिनपासूनच पुढं ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. खोकल्याच्या बाटलीवर ते नाव वाचायला मिळतं.

ज्यांच्या घराला सहा महिने कुलूप लागतं, त्यांनी येत्या जूनमध्ये चार काड्या जरूर लावा. मात्र गर्भार बाईला हा रस देऊ नका. वासिसिननं गर्भाशय आकुंचन पावतं. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर अडुळशावर थांबू नका, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधं तिथं मोफत आहेत.